मोहाखालची दहा मिनिटं

चारोटी नाक्यावर हायवे सोडून डहाणूकडे वळलं की काही अंतरावर एक चढ लागतो. चढ कसला, गाडीत डुलकी लागलेल्या माणसाला कळणारही नाही इतकाच. त्याच्या माथ्यावर डाव्या हाताला मोहाची दोन झाडं आहेत आणि झाडांखाली एक मोरी आहे, दोन माणसं बसतील एवढ्या कठड्याची. आमची गाडी तिथे गरम व्हायची. तेरा वर्षं, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

आम्ही दोघंही तलासरीला शिक्षक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, माझे यजमान हायस्कुलात गणिताला. घर डहाणूला, म्हणून सकाळी बरोबर निघायचं आणि संध्याकाळी बरोबर परतायचं. गाडी छोटी, पांढरी, दुसऱ्याने वापरून झालेली. हायवेवर ते बोलायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी ट्रक जात असताना बोलणाऱ्या ड्रायव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता. मी शेजारी बसून वह्या तपासायचे. चारोटीला वळलं, ट्रकांचा आवाज मागे पडला, की थोड्या वेळाने ते म्हणायचे, "काटा चढलाय गं. दहा मिनिटं थांबावं लागेल."

तापमानाचा काटा त्यांच्या पुढ्यात, स्टिअरिंगच्या आड. मी कधी वाकून बघितला नाही. गणिताच्या माणसाने आकडा सांगितला तर आपण तो पुन्हा मोजायला जात नाही. सकाळी गाडी कधीच कशी गरम होत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, सकाळी इंजिन रात्रभर थंड झालेलं असतं, संध्याकाळी दिवसभराचं ऊन खाल्लेलं असतं. मला ते पटलं.

गाडी मोरीपाशी लावायची, बॉनेट वर करायचं, मागच्या सीटखालून पाच लिटरचा कॅन काढायचा. तो मूळचा गोडेतेलाचा, धुऊन घेतलेला, त्यात आमच्या घरच्या विहिरीचं पाणी. कॅन घेऊन ते बॉनेटमागे जायचे आणि मला फक्त पाणी ओतल्याचा आवाज यायचा, गळगळ, गळगळ. मग रिकामा कॅन हलवत बाहेर येऊन म्हणायचे, "उतर की जरा. आत बसून काय ती लवकर थंड होणार आहे?"

माझा राग नाकावर असतो, हे माझ्या शाळेतली पोरंही सांगतील. मला घरी जाऊन पोळ्या करायच्या असायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं औषध, दिराची मुलं, आमची मुलगी, आणि पाच वाजल्यापासून पडवीत येऊन बसलेली ह्यांची शिकवणीची मुलं. आणि हे इथे गाडी गार करत बसणार. मी उतरायचे, पण तोंड वाजवतच उतरायचे. गॅरेजला दाखवा म्हणून सांगून माझी जीभ झिजली. ते म्हणायचे, दाखवतो. आणि दाखवायचेही. दर तीन महिन्यांनी गाडी गॅरेजला जाऊन यायची, आणि आल्यानंतरच्या आठवड्यात मोहाखाली पुन्हा गरम व्हायची. मी त्या मेकॅनिकलाही मनात शिव्या घालायचे.

कठड्यावर बसलं की मात्र वेळ जायचा. चैत्रात मोहाचा वास यायचा, गोड आणि जरा आंबूस. उन्हाळ्यात ताडगोळे विकणारी एक बाई तिथून घरी जाताना उरलेले आम्हाला देऊन जायची. हे ते सोलून माझ्या हातावर ठेवायचे. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं आणि मी पुन्हा चिडायचे. तिथे ते बोलायचे. कुठल्या पोराला अपूर्णांक कळले, हेडमास्तर काय म्हणाले, निवृत्त झाल्यावर चिखल्याला समुद्राजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन महिनाभर राहू या, नुसतं राहू या. घरी त्यांनी यातलं काही कधी काढलं नाही. घरी आमच्या दोघांच्या मध्ये सतत कोणीतरी बसलेलं असायचं. मी म्हणायचे, "चिखल्याला कशाला, गाडी पोचायला नको का तिथवर?" ते हसायचे.

शेवटचं थांबणं मला विसरता येत नाही. त्या दिवशी शाळेची तपासणी होती, माझं डोकं सकाळपासून उठलेलं होतं. त्यात सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. चारोटीला वळण्याआधीच मी सांगून ठेवलं होतं, आज थांबायचं नाही. तरी चढावर आल्यावर ते म्हणाले, "काटा चढलाय गं."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते, की या डबड्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही असं म्हटलं आणि वर म्हटलं, "तुमच्या गाडीसारखेच आहात तुम्ही. कधी वेळेवर कुठे पोचला आहात?" एवढ्यात कासा-डहाणू जीप आली. ड्रायव्हरने वेग कमी केला, मागून कोणीतरी ओरडलं, बाई, येता का, एक सीट आहे. मी पर्स उचलली आणि चढले. मागच्या काचेतून बघितलं तर ते तिथेच उभे होते, वर केलेल्या बॉनेटपाशी, हातात कॅन. पाणी ओतायचं राहूनच गेलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आईचं दाखवून झालं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी एसटीने जायला लागले. एकदा तोंडातून गेलं म्हणजे गेलं, असा माझा तोरा. पाच महिने मी एसटीने गेले. ते गाडीने जायचे आणि रोज माझ्या आधी घरी असायचे. मी दमून आले की चहाचं आधण ठेवलेलं असायचं. आज सोडता का मला, असं विचारायचं माझ्या रोज मनात यायचं आणि रोज मी ते उद्यावर टाकायचे. पाचव्या महिन्यात, वर्गात फळ्यासमोर, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. माझ्या शाळेतून त्यांचं हायस्कूल चालत सात मिनिटांवर आहे. मी पोचले तेव्हा त्यांना गाडीत घालून नेलं होतं. आपल्या गाडीत नाही, दुसऱ्या सरांच्या.

सासूबाई लेकाच्या मागोमाग चार महिन्यांनी गेल्या. दिराने वरच्या मजल्यावर वेगळं बिऱ्हाड केलं. मुलगी बडोद्याला. ज्या घरात दहा मिनिटं मिळत नव्हती त्या घरात आता संध्याकाळ संपता संपत नव्हती. गाडी दारात उभी होती. ती बघवत नव्हती आणि कोणाला द्यावीशीही वाटत नव्हती. मग चौपन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. शिकवणारा म्हणाला, मॅडम, सीट पुढे घ्या, पाय पुरत नाहीत तुमचे. ते उंच होते, सीट त्यांच्या मापाने मागे गेलेली होती. मी पाठीमागे एक उशी घेतली आणि सीट तिथेच ठेवली. अजूनही तिथेच आहे.

आता मी एकटी तलासरीला जायचे, यायचे. आणि त्या चढावर थांबायचे. काटा बघितला नाही म्हणता यायचं नाही, आता तो माझ्या पुढ्यात होता. पण तो कायम तळाशी पडलेला असायचा आणि मला वाटायचं की मी वेळेवर थांबते म्हणून तो चढत नाही. ते करायचे तसं मी सगळं करायचे. बॉनेट वर, दहा मिनिटं वाट, मग फडक्याने झाकण उघडायचं आणि कॅनमधलं विहिरीचं पाणी मावेल तेवढं रेडिएटरमध्ये घालायचं. एकदा घाईने उघडलं आणि वाफेने मनगट भाजलं. त्याचा डाग अजून आहे. आमची विहीर खाडीपासून फार लांब नाही. उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ होतं, त्यात डाळ शिजत नाही. ते मी गाडीला दीड वर्ष पाजलं.

हळूहळू गाडी खरीच गरम व्हायला लागली. आधी एसीमधून कोमट वारा येऊ लागला. मग चढावर दम लागल्यासारखी ओढेनाशी झाली. मग एक वास, गरम लोखंडाचा. मला त्यात नवीन काही दिसलं नाही. ही गाडी गरम होतेच, दहा मिनिटं दिली की झालं. तेरा वर्षांचा अनुभव होता मला. मागच्या एप्रिलच्या सुरुवातीला एके दिवशी मोहापर्यंतही पोचले नाही. त्या आधीच बॉनेटच्या फटींतून वाफ आली, खाली टणटण आवाज झाला आणि गाडी बंद पडली. काटा तेव्हाही तळाशीच होता.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी डहाणूला आणली. गॅरेज सागर नाक्याच्या आतल्या बाजूला, तेच, जिथे ते न्यायचे. मेकॅनिक साठीचे, घरी गुजराती बोलणारे, गिऱ्हाइकाशी मराठी आणि इंजिनशी हिंदी. मी तिथे प्रथमच जात होते. मुलीचा फोन येऊन गेला होता, की आई, आता ती काढून टाक, नवी ऑटोमॅटिक घे, गिअरही टाकायला नकोत. मी मेकॅनिकना आधीच सांगितलं, "काही करा, पण मला हीच गाडी हवी आहे."

ते म्हणाले, "बेन, आधी थंड होऊ द्या. मग बघू वाचते का."

पूर्ण निवेपर्यंत त्यांनी झाकणाला हात लावला नाही. मग उघडलं आणि आत बोट घालून माझ्यासमोर धरलं. बोटावर गढूळ, विटकरी चिखल. झाकणाच्या कडेला पांढरे खडे जमले होते.

"हे पाणी बघा. चहा आहे की पाणी? कोणी टाकलं याच्यात?"

"मी. ते टाकायचे तसंच."

"कोण, मास्तर?" त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "मास्तरांनी याच्यात एक थेंब पाणी नाही टाकलं कधी. हिरवं कूलंट टाकायचो आम्ही, मी हाताने भरायचो. आणि गरम रेडिएटर उघडून गार पाणी ओतणारा माणूस होता काय तो?"

मला वाटलं त्यांना आठवत नसेल. वय झालंय.

त्यांनी एकेक गोष्ट बघायला घेतली. पंख्याला बॅटरीवरून सरळ तार जोडली, पंखा फिरला, म्हणजे पंखा शाबूत. मग गाडी थोडा वेळ चालू करून वरच्या आणि खालच्या रबरी नळीला हात लावायला सांगितला. वरची चटका देत होती, खालची गार. "पाणी फिरतच नाही," ते म्हणाले. थर्मोस्टॅट काढला. पितळेची ती लहानशी झडप गॅरेजमधल्या चहाच्या पातेल्यात उकळत ठेवली. पाण्याला उकळी फुटली तरी ती उघडली नाही, क्षाराने घट्ट बसली होती. रेडिएटरच्या नळ्यांत नळाने पाणी सोडलं तर दुसऱ्या तोंडाने नुसते थेंब पडले. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणायचे, "खारं पाणी." शाळेत मी पोरांची चूक दाखवताना इतकी शांत कधी राहिले नाही.

खरी भीती पुढे होती. इंजिनच्या वरच्या भागाला, हेडला, तापून बाक आला असेल तर जुन्या गाडीत जीव घालण्यात अर्थ नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेलाची पट्टी काढून बघितली, तेल काळं होतं, पांढरट फेस नव्हता. ते बरं, म्हणाले. पण गाडी चालू ठेवली की रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते. ते वाईट. हेड उघडावं लागणार होतं.

आणि मग, वायरी बाजूला करताना, ते थांबले. त्यांनी एक बारीक वायर ओढून दाखवली. तिच्या टोकाला काळी टेप होती, उन्हाने कडक झालेली, पण नीट गुंडाळलेली.

"ही काट्याची वायर. उंदराने कुरतडलेली. टेप मीच मारली आहे, गाडी पहिल्यांदा आली तेव्हा. म्हटलं मास्तर, नवी टाकतो, पाच मिनिटांचं काम. म्हणाले, राहू दे, काट्याची मला गरज नाही. दर खेपेला विचारायचो, दर खेपेला हेच."

"पहिल्यांदा म्हणजे कधी?"

"घेतली तेव्हाच की. दहा-बारा वर्षं झाली असतील. जास्तच."

"पण काटा चढायचा," मी म्हटलं. "आठवड्यातून तीनदा चढायचा."

"बेन, हा काटा मेलेला आहे. चढेल कसा? आणि ही गाडी मास्तरांच्या हातात कधी गरम झालीच नाही. मी दर तीन महिन्यांनी बघत होतो ना."

मी तिथल्या टायरवर बसले. त्या पाच महिन्यांत, मी एसटीने जात होते तेव्हा, ते रोज माझ्या आधी घरी असायचे. रोज. गाडी एकदाही गरम झाली नव्हती. हे समोर होतं आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गणिताचा माणूस तेरा वर्षं एक आकडा खोटा सांगत होता आणि मी तो तपासला नाही. दहा मिनिटं. इतकंच हवं होतं त्यांना. सरळ मागितली असती तर मी म्हणाले असते, वेड लागलंय का, पोळ्या कोण करणार? त्यांना ते माहीत होतं. म्हणून गाडीवर घातलं. मी त्या गाडीला शिव्या दिल्या, मेकॅनिकला दिल्या, त्यांना दिल्या, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कारण ऐकताना मी त्यांच्या शेजारी बसलेली असायचे.

मला रडू आलं. गॅरेजमध्ये, टायरवर बसून, पंचावन्न वर्षांची बाई. मेकॅनिकना वाटलं मी गाडीसाठी रडते आहे. ते म्हणाले, "बेन, हेड वापीला पाठवतो. घासून सपाट होईल. बाक फार नसावा."

बाक फार नव्हता. पण तीन आठवडे गेले. मी पुन्हा एसटीने जायला लागले आणि रोज संध्याकाळी त्या मोरीवरून जाताना खिडकीकडची जागा धरायचे. बस तिथे थांबत नाही. मोहाची झाडं येतात आणि जातात, कठडा दिसतो न दिसतो. एवढ्यात काय बोलणार कोणी कोणाशी. चिखल्याला जाऊ या म्हटलं होतं तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. निवृत्तीची वाट न बघता, त्याच रविवारी जायला हवं होतं. डहाणूहून चिखलं असं कितीसं लांब आहे.

गाडी परत आली तेव्हा नवं रेडिएटर होतं, नवा थर्मोस्टॅट होता, आणि हिरवं कूलंट भरलेलं होतं. मेकॅनिकने मला बजावलं की पाणी घालायचं नाही, विहिरीचं तर मुळीच नाही, आणि आता गाडी गरम होणार नाही. काट्याची वायर जोडू का, असं विचारलं. मी जोडा म्हटलं. माझं मला कळायला हवं.

पहिल्याच दिवशी तलासरीहून परतताना काटा मध्यावर होता. हायवेवर मध्यावर, चारोटीला वळताना मध्यावर, चढावरही मध्यावर. जरासुद्धा हलला नाही. मी मोरीपाशी गाडी लावली. बॉनेट वर केलं. कॅन मी आणलाच होता, घरच्या पाण्याने भरून. सवय म्हणा. बॉनेटमागे गेले. तिथून गाडीची पुढची काच दिसत नाही, आत बसलेलं माणूस दिसत नाही. खाली धुळीत एक खळगा होता, उथळ, पाणी पडून पडून होतो तसा. तो त्यांचाच, असं मी म्हणत नाही, पावसाचाही असेल. मी कॅन तिरपा केला आणि पाणी मातीत ओतलं. आवाज तोच आला. गळगळ, गळगळ. मी आत बसलेली असायचे तेव्हा ऐकू यायचा तोच.

मग कठड्यावर जाऊन बसले. मोहाला फुलं नव्हती, पानं होती. ताडगोळेवालीही त्या दिवशी आली नाही. मी त्यांना सांगितलं, आज शाळेत काय झालं ते. मोठ्याने नाही, पण सांगितलं.

मागून जीपचा आवाज आला. डहाणूकडे जाणारी, खच्चून भरलेली. वर केलेलं बॉनेट बघून ड्रायव्हरने वेग कमी केला.

"बाई, गाडी गरम झाली वाटतं? येता का, एक सीट आहे."

"झाली गरम," मी म्हटलं. "पण तुम्ही जा. मी थांबते."